बारावी आर्ट्सनंतर रुग्णसेवेत यायचंय? मग आधी पलंग बघ

तू विचारलेलं थोडक्यात असं. बारावी आर्ट्स, अठ्ठावन्न टक्के, देवगड तालुक्यातलं गाव. आजी अडीच वर्षं अर्धांगाने अंथरुणाला होती, तिचं हगणं-मुतणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं तू केलंस आणि त्यातून या कामाची ओढ लागली. तालुक्याला एका ठिकाणी सहा महिन्यांचा 'नर्सिंग' कोर्स आहे, 'शंभर टक्के नोकरी' असं पत्रकावर छापलंय. एएनएमला, म्हणजे मान्यताप्राप्त सहायक परिचारिकेच्या कोर्सला, दोन वर्षं लागतात. बाबा म्हणतात, सहा महिन्यांत होतंय तर दोन वर्षं कशाला घालवायची. मधूनच सोशल वर्कचंही मनात येतं. इंग्रजी कच्चं आहे आणि रक्त बघितलं की घेरी येते.

मी उपकेंद्रात एएनएम म्हणून लागले, पुढे शिकत गेले आणि नोकरीची शेवटची चौदा वर्षं मुलींना शिकवण्यात गेली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझं मत आधीच सांगते: तू एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा मोठा डिप्लोमा, कर. सहा महिन्यांचा कोर्स वाईट नसतो, पण तो काय आहे आणि काय नाही हे कळून करायचा. तो 'नर्सिंग' म्हणून विकला जातो तिथेच सगळा घोळ आहे.

नर्स हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, त्याच्या जागी आणायचा नवा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय. अभ्यासक्रम आजवर कौन्सिलकडून ठरत आला, आपल्याकडची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं आणि पास झालीस की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव चढतं. त्या नावावर तुला इंजेक्शन हातात घेता येतं, बाळंतपण करता येतं, सरकारी जागेसाठी अर्ज भरता येतो. सहा महिन्यांच्या कोर्सने यातलं काही मिळत नाही. तो चांगल्या ठिकाणी केलास तर तू 'जनरल ड्यूटी असिस्टंट' किंवा घरी जाऊन बघणारी 'होम हेल्थ एड' होतेस. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, ताप-नाडी बघून नोंदवणं, रुग्णाला इकडून तिकडे नेणं ही त्यातली कामं. इज्जतीचं काम आहे, आपल्याकडे त्याची गरजही फार. पण छोट्या खाजगी दवाखान्यांत काय होतं, तर अशा मुलीला पांढरा ड्रेस चढवतात, सिस्टर म्हणून हाक मारतात आणि आठवडाभरात सलाईन लावायला सांगतात. मुलीला वाटतं, बढती मिळाली. काही उलटंसुलटं झालं की मात्र डॉक्टर म्हणतात, हिला कोणी सांगितलं होतं हात लावायला? मग रजिस्टरात नाव नसलेली ती मुलगी एकटी पडते. माझ्या ओळखीतल्या दोघी अशा पडलेल्या मी बघितल्यात.

आता प्रवेशाचं. एएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, वयाची सतरा पूर्ण हवीत. दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. जीएनएम तीन वर्षांचं. सायन्सवाल्यांना पसंती असली तरी आर्ट्सला दार बंद नाही, इंग्रजी विषय आणि चाळीस टक्के लागतात, ते तुझ्याकडे आहेत. बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, तो रस्ता तुला सरळ नाही. पण वाकड्या वाटेने आहे: जीएनएम करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. एएनएम होऊन जीएनएमला गेलेल्याही पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातलीच. दरवर्षी प्रवेशाची पद्धत थोडी बदलते, म्हणून यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाच, एजंटच्या तोंडून ऐकू नकोस.

शाळा निवडताना मुली इमारत बघतात, ड्रेसचा रंग बघतात, हॉस्टेलला वायफाय आहे का विचारतात. माझं म्हणणं, पलंग बघ. म्हणजे ज्या पलंगाशेजारी उभी राहून तू शिकणार तो पलंग कुठे आहे? शाळेचं स्वतःचं हॉस्पिटल आहे की कुणाशी नुसता कागदावर करार आहे? तिथे रोज रुग्ण असतात का? कोकणात हा प्रश्न फार खरा आहे. बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटल दिसायला मोठं असतं आणि वॉर्डात चार माणसं, त्यातली दोन मालकाच्या नात्यातली. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या ठिकाणी वॉर्ड भरलेले असतात. ओरोसला आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, तिथेही गर्दीला तोटा नाही. बाकी कुठेही जा, दुपारी दोननंतर वॉर्डात चक्कर मार आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीला एकटीला गाठून विचार, "मॅडम वॉर्डात येतात का गो तुमच्याबरोबर?" ती हसली तर समज.

कारण शिकवणारी बाई शेजारी नसेल तर वॉर्डात मुली शिकत नाहीत, राबतात. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

माझंच सांगते. पहिल्या वर्षाला होते, सकाळची ड्यूटी, पुरुषांचा वॉर्ड. ताप, नाडी, श्वास, तिन्ही घेऊन चार्ट भरायचा. ताप घेतला, नाडी घेतली आणि श्वास? सगळ्यांना वीस. सगळ्याच मुली वीस लिहायच्या. छाती हलतेय ना, मग वीस. त्या वेळी आमच्या ट्यूटर बाई मागून आल्या. चार्ट बघितला, काही बोलल्या नाहीत, खिडकीकडच्या एका म्हाताऱ्याजवळ मला नेलं, माझा हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाडी बघतेस असंच दाखव, नजर छातीवर ठेव, पूर्ण मिनिट." मी मोजलं. छत्तीस. निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हाताऱ्याला ताप फारसा नव्हता, खोकला किरकोळ, तक्रार काही नाही, विचारलं की "बरा हा" म्हणायचा. त्याला न्यूमोनिया होता आणि तो सांगत होता फक्त त्याचा श्वास. मी मात्र तिथे वीस लिहून मोकळी झाले होते.

श्वास मोजताना रुग्णाला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस आपोआप श्वास सांभाळून घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरून ठेवायचं. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत आहे. ती ओळ मी वाचलेली होती, परीक्षेत लिहिलेलीही होती.

तू आजीचं केलंस, ते तुझं मोठं भांडवल आहे. वॉर्डात पहिल्या दिवशी निम्म्या मुली नाकाला रुमाल लावतात, तू लावणार नाहीस. पण सवयीने केलेलं सगळं बरोबर असतंच असं नाही, आणि ते सोडवताना तुला नवख्या मुलीपेक्षा जास्त त्रास होईल. आजीला झंपर कसा घालायचीस? बहुतेक घरांत चांगला हात आधी घालतात आणि मग लुळा हात ओढून बाहीत कोंबतात. उलटं करायचं असतं. घालताना लुळा हात आधी, काढताना धड हात आधी. आणि उठवताना लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, सांधा सुटतो आणि मग म्हातारी रात्रभर कण्हते. घरचे म्हणतात, वाऱ्यामुळे असेल.

भरवणंही तसंच. आडवं ठेवून चमच्याने पेज सोडायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. अर्धांग झालेल्याची गिळण्याची ताकद बरेचदा कमी झालेली असते. पातळ पेज पटकन घशात जाते आणि तिथून श्वासनळीत. नेहमी ठसका लागेलच असंही नाही, गुपचूप उतरते आणि चार दिवसांनी ताप भरतो. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी जराशी छातीकडे, घास धड बाजूच्या गालात, तोही थोडा. पेजेच्या निवळीपेक्षा घोटून एकजीव केलेली मऊ भाताची आटवल बरी. प्रत्येक घास गिळला का बघायचं. संपल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवायचं, तिथे भात साठून राहतो. आणि अर्धा तास तरी परत आडवं करायचं नाही. आमच्या शाळेत मी मुलींना जोडीजोडीने बसवून एकमेकींना डोळे मिटून भरवायला लावायचे. पहिल्यांदा खूप हसायच्या. मग जिला भरवलं जातंय ती दोन-तीन घासांनंतर चिडायची, "अगं, थांब ना, तोंडात आहे अजून!" तेवढ्यासाठीच तो तास असायचा.

दर दोन तासांनी कूस बदलायची हे तुला माहीत असेल. पण माकडहाडावर, टाचेवर बघायचं काय हे माहीत आहे? पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल चट्टा दिसतो आणि दाबला तरी फिका पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही. तिथे हाताचा पालथा भाग लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. हे कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं, म्हणून मी पलंग-पलंग करतेय.

आणखी एक, जे कुठल्याच अभ्यासक्रमात नीट येत नाही. वॉर्डातला पलंग वरखाली होतो, संडास शेजारी असतो, फरशी सपाट असते. आपल्याकडे घरात गेलीस की आधी पायऱ्या, मग ओटी, पडवी, मग उंबरठा, माजघर, आणि संडास मागीलदारी. गुहागर-दापोलीकडे वाडीत शिरायलाच चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरावी लागते, व्हीलचेअरचा तिथे काय उपयोग? पावसात रात्री वीज गेलेली, म्हाताऱ्याला लघवीला लागलेली, आणि घरात दुसरी म्हातारी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. याचं कारण तुला मी सांगायला नको, बाप्ये मुंबईला. गणपतीला घर भरतं, अकराव्या दिवशी परत रिकामं. मुलगा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल करून विचारतो, गोळ्या घेतल्या का, आणि आई म्हणते घेतल्या. घेतलेल्या नसतात. तू हे काम शिकून गावात राहिलीस तर काम कमी पडणार नाही. पैसे मात्र भांडून घ्यावे लागतील, कारण लोकांना अजून ती कामवाली आणि ही शिकलेली यातल्या फरकाचे पैसे देववत नाहीत. मुलगी शिकलेली हवी, पण मजुरी भांडीवालीची, असं म्हणणारे मी डॉक्टरांच्या घरातही बघितलेत. म्हणूनही हातात रजिस्ट्रेशन असलेलं बरं.

एएनएमचा अभ्यासक्रम मात्र निव्वळ पलंगापुरता नाही, आणि मला तोच भाग जास्त आवडायचा. पोषण, स्वच्छता, लसीकरण, बाळाची वाढ, बाळंतपण, प्रथमोपचार, उपकेंद्र कसं चालवायचं. डोंगराळ भागात साधारण तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे, सपाटीवर पाच हजार. तीन हजार ऐकायला कमी वाटतात, वाड्या मोजल्यास की पायांना कळतं. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाला गार लागतंय का, पितंय का हे ती बघते आणि काही बिनसलं की पहिला फोन तुलाच येणार.

कोकणाचे आजारही कोकणाचेच. लावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखतात म्हणून कोणी आला, तर चिखलात होतास का, पायाला जखम आहे का, हे आधी विचारायचं, कारण लेप्टो, उंदरांच्या मुताने खराब झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप. दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आला, रानातल्या गोचिडी चावून होणारा. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाचा ताप तिकडे कोणी हलका घेत नाही. विंचू तर घरोघरी. त्यावरचं प्राझोसिनचं औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात बसून दाखवून दिलं, त्यांचं काम जगभर वाचलं जातं. आणि फुरसं, हा छोटा विषारी साप. चावलेली जागा किरकोळ दिसते, माणूस बोलतचालत असतो, आणि रक्त गोठायचं थांबलेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तू बघशील, डॉक्टर काचेच्या कोरड्या परीक्षानळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायला सांगतात. मग नळी कलती करायची, रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही, उत्तर चुकतं. ती नळी धुवायची की नवी घ्यायची हे बरेचदा तुझ्याच हातात असतं. आणि कोणी म्हणालं की आधी मांत्रिकाकडे नेऊन येतो, तर भांडायचं नाही, त्याच्याबरोबर गाडीत बसायचं आणि गाडी दवाखान्याकडे वळवायची.

सोशल वर्कबद्दल थोडक्यात. त्याची चांगली नोकरी एमएसडब्ल्यूनंतर लागते, म्हणजे आधी पदवी आणि वर दोन वर्षं. कुठलीही पदवी चालते. जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे दोन दिवस बसून बघ: बेवारस रुग्ण, टाकून दिलेली म्हातारी, दिव्यांगाचा दाखला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत नाही म्हणून रडणारा मुलगा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी चारच. तिथे बरी झालेली माणसं घरचे न्यायला येत नाहीत म्हणून राहतात, त्यांची घरं शोधणं हे समाजसेवकाचं काम. पाच वर्षं थांबायची तयारी घरची असेल तर जरूर जा. पण तू लिहिलेल्यावरून मला वाटतं, तुला हाताने करायचं काम आवडतं. फायली आवडतील असं दिसत नाही.

घेरीचं मनावर घेऊ नकोस. मला स्वतःला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आली होती, लेबर रूममधल्या मावशीने बखोटं धरून बाहेर बसवलं. रक्त बघून नाडी मंदावते, दाब उतरतो, एवढंच ते असतं, आणि बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत जातं. ड्यूटीला उपाशी जायचं नाही, हा पहिला उपाय. गुडघे ताठ करून एका जागी उभी राहू नकोस. कानात शिट्टी वाजायला लागली, घाम फुटला, की मांड्या आणि पोटऱ्या आवळून धर, आणि तरीही उभं राहवलं नाही तर सरळ खाली बस. लाज वाटून उभी राहिलेली मुलगी ट्रॉलीवर पडते. सहा महिन्यांनंतरही दर वेळी शुद्धच हरपत असेल तर मात्र ट्यूटरला सांग.

इंग्रजीचं दोन पातळ्यांवर आहे. औषधांची नावं, चार्ट, डॉक्टरांचे आदेश इंग्रजीत असतात, ते चार-सहा महिन्यांत हाताला लागतं. रोज दहा शब्द, स्पेलिंगसकट, वहीत लिहून. औषधाच्या नावात एका अक्षराने दुसरंच औषध होतं, त्यामुळे तिथे अंदाज चालवायचा नाही, वाचता आलं नाही तर परत विचारायचं, डॉक्टर कितीही वैतागले तरी. बोलायचं इंग्रजी मात्र तुला वॉर्डात फारसं लागणार नाही. तिथे तुझी मालवणी कामाला येईल. घाटावरून आलेला नवा डॉक्टर म्हातारीला विचारतो, "चक्कर येते का?" ती म्हणते नाही. तू विचार, "घेरी येता काय गो?" मग ती सांगते, सकाळपासून तीनदा इली. "जीव घाबरता", "आंग मोडान येता", "पोटात कळा मारतत" यांचं डॉक्टरला कळेल असं मराठी करून चार्टवर चढवणं हे वॉर्डातलं अर्धं काम आहे आणि ते तुला आत्ताच येतंय.

शेवटी कागदपत्रांचं, कारण इथे मुली फसतात. मूळ दाखले पडताळणीला दाखवायचे, ठेवून घेत असतील तर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. "कोर्स सोडलास तर पूर्ण फी भरल्याशिवाय दाखले मिळणार नाहीत," असं प्रवेशाच्या वेळीच कोणी बोललं तर तिथून उठायचं. फीची पावती संस्थेच्या नावाची हवी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात, त्यासाठी उत्पन्नाचा आणि असल्यास जातीचा दाखला आत्ताच काढायला टाक, तहसीलमध्ये जूनमध्ये रांगा लागतात. आणि हेपॅटायटिस बी ची लस सुरू कर. तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात सुई हाताळायच्या आधी निदान दोन तरी झालेले असू देत. संस्था देते म्हणाली तरी तारीख विचारून घे. आमच्या एका बॅचला ती निम्मं वर्ष उलटल्यावर मिळाली होती, तोवर एकीला सुई टोचून झाली होती.